लाल पिशवी, पिवळी पिशवी : क्लोरीन आणि डायॉक्सिनच्या वादाचा इतिहास

#थ्रेड

१/ नांदेडचे विष्णुपुरी असो वा लातूर, शासकीय रुग्णालयातील सलाइनची नळी लाल पिशवीत आणि रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकावा, असा नियम आहे. पिवळ्या पिशवीतला कचरा भट्टीत जळतो. लाल पिशवीतले प्लास्टिक जाळायचे नसते. या साध्या भेदामागे एक प्रदीर्घ वाद आहे.

२/ १० जुलै १९७६ रोजी इटलीतील सेवेसोजवळच्या रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिनचा विषारी ढग बाहेर पडला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील संशोधकांना याच कुळातील रसायने शहरी कचऱ्याच्या भट्ट्यांतील राखेत सापडली. ती कोणी बनवली नव्हती. जाळण्याच्या क्रियेतच ती तयार होत होती.

३/ डायॉक्सिनसाठी क्लोरीन अपरिहार्य आहे. ते पीव्हीसीतून येते (वजनाच्या सुमारे ५७ टक्के) आणि खरकट्यातील मिठातूनही. भट्टीतला धूर २०० ते ४५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यातून निवत असताना राखेतील कार्बन आणि क्लोरीन यांचा संयोग होतो. तांब्याचे कण त्याला गती देतात. हे विष बहुतांशी ज्वाळेत नव्हे, ज्वाळेनंतर जन्मते.

४/ मग क्लोरीन कमी केले की डायॉक्सिन घटेल? १९९५ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने १६९ भट्ट्यांच्या मोजमापांचा अहवाल प्रसिद्ध केला. बहुतेक ठिकाणी कचऱ्यातील क्लोरीन आणि धुरांड्यातील डायॉक्सिन यांचा ठळक संबंध दिसला नाही. टीकाकारांचा आक्षेप असा की, भिन्न रचनेच्या भट्ट्या एकत्र मोजल्यास खरा संबंध झाकला जातो.

५/ दोन्ही बाजूंत तथ्य होते. नियंत्रित प्रयोगांत दिसले की, क्लोरीन साधारण एक टक्क्याच्या आत असेल तर तापमान, प्राणवायू आणि धूर निवण्याचा वेग हेच निर्णायक ठरतात. त्यापुढे मात्र क्लोरीनबरोबर डायॉक्सिनही वाढते. नळ्या, पिशव्या, हातमोजे यांनी भरलेला रुग्णालयीन कचरा ही मर्यादा सहज ओलांडू शकतो.

६/ भारतात १ मार्च १९९६ रोजी वढेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ५० वा अधिक खाटांच्या रुग्णालयांना भट्टी किंवा तितकाच परिणामकारक पर्याय उभारण्यास सांगितले. हेतू स्वच्छतेचा होता; परंतु भट्टीत काय जाऊ नये, हा प्रश्न उरलाच.

७/ त्याचे उत्तर २० जुलै १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आले : क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळू नये आणि जाळायच्या कचऱ्यावर क्लोरीनयुक्त जंतुनाशक वापरू नये. सोबत दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश तापमानाची अटही होती. नियमाने वादाच्या दोन्ही बाजू स्वीकारल्या.

८/ २८ मार्च २०१६ च्या नियमांनी या कक्षात वायू किमान दोन सेकंद राहावा असे ठरवले आणि डायॉक्सिन-फ्युरानसाठी घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. क्लोरीनयुक्त पिशव्या व हातमोजे हद्दपार करण्याची मुदत पुढे २७ मार्च २०१९ झाली. रक्तपिशव्यांना मात्र सूट मिळाली. पीव्हीसीतील प्लास्टिसायझर तांबड्या पेशी टिकवतो.

९/ नियमानुसार धुरांड्याची डायॉक्सिन-चाचणी वर्षातून एकदा होते. सलाइनची नळी कोणत्या पिशवीत जाते, हा निर्णय मात्र नांदेड-लातूरच्या वॉर्डांत प्रत्येक पाळीत होतो. तिथे चुकलेली नळी उरलेल्या ३६४ दिवसांत कोणतीही चाचणी पकडत नाही.