मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि खाडीपलीकडील जासई

१८५४ च्या वुडच्या खलित्यास अनुसरून १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेल्या या संस्थेचे कार्य प्रारंभी केवळ परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच होते. अध्यापन महाविद्यालयांनी करावयाचे. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये आणि राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे विद्यापीठाला स्वतःची वास्तू लाभण्यापूर्वीच त्याचे कीर्तिमान पदवीधर बाहेर पडले होते.

१८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांची नावे येतात. रानड्यांनी १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एलएल. बी. संपादन केली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये पहिले हिंदी कुलगुरू झाले आणि त्यांच्या पाठोपाठ भांडारकर. ही परंपरा सर्वश्रुत आहे. तथापि या नामावळीत एक उणीव सहज नजरेत भरते. हे विद्वान बहुतांशी लेखणीवर चरितार्थ चालविणाऱ्या घराण्यांतील होते. जमीन कसणाऱ्याच्या आणि मिठागरात राबणाऱ्याच्या घरी पदवी केव्हा पोहोचली, हा प्रश्न विद्यापीठाच्या गौरवग्रंथांतून क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाच्या दृष्टीने उरण-पनवेलचा पट्टा विशेष बोधप्रद आहे. जासई हे गाव मुंबईहून खाडी ओलांडली की पलीकडे. अंतर अल्प, परंतु विद्येच्या हिशेबाने फार दीर्घ. एकोणिसाव्या शतकात उरणची ख्याती होती ती मिठागरांची व मद्याच्या भट्ट्यांची. येथील भातशेती व मीठ मुंबईस पोसत होते, मात्र मुंबईचे विद्यापीठ येथील मुलांस फारसे ठाऊक नव्हते.

कुळांच्या गाऱ्हाण्यास पदवीधराचा आधार मिळाला तो पुढे कुलाबा जिल्ह्यातच. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची बी. ए. झालेले डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच सुमारास अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून चाललेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत टिकला. कायद्याचे ज्ञान आणि शेतकऱ्याची चिकाटी यांची सांगड येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. रानड्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची अर्थशास्त्रीय मीमांसा केली होती. आता तो शेतकरी स्वतः फिर्यादी झाला.

जासईत १९२६ मध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेले दिनकर बाळू पाटील कायद्याची पदवी घेऊन वकील झाले, ही या क्रमातील पुढची पायरी होय. फिर्यादी आणि वकील आता एकाच घरचे झाले. शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार म्हणून ते १९५७ पासून पनवेलमधून पाच वेळा विधानसभेत निवडून आले. १९७७ व १९८४ मध्ये त्यांनी लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधित्व केले.

१९७० हे वर्ष या भागात मोठे विलक्षण ठरले. त्याच वर्षी पनवेलमध्ये महात्मा फुले महाविद्यालय सुरू झाले व मुंबई विद्यापीठाची पदवी तालुक्याच्या गावी मिळू लागली. आणि त्याच वर्षी नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या योजनेत आल्या. ज्या जमिनीच्या उत्पन्नावर मुलगा शिकावयाचा, ती जमीनच संपादनाच्या नोटिशीत निघाली. मोबदल्याच्या प्रश्नावर पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे धोरण हे या लढ्याचे फलित. २०१३ मध्ये पाटील यांचे निधन झाले, तेव्हाही कित्येक खातेदारांची भूखंडाची प्रकरणे अनिर्णित होती.