व्यसनाधीनता आणि व्यसनमुक्ती : सातारा व सांगली

व्यसनाधीनता : दारू, तंबाखू, गांजा किंवा अन्य मादक पदार्थाच्या सेवनावरचा ताबा सुटणे, नुकसान दिसत असूनही सेवन चालू राहणे आणि पदार्थ न मिळाल्यास शरीर व मन बिघडणे, अशी लक्षणे असलेला दीर्घकालीन आणि पुन्हा उलटणारा आजार. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ठरवलेल्या निकषांत अकरा लक्षणे आहेत. त्यांपैकी दोन बारा महिन्यांच्या काळात आढळली तरी निदान होते. सहा किंवा अधिक असल्यास आजार तीव्र मानतात. रोज रात्री क्वार्टर संपवून पहाटे डेअरीवर दूध घालायला वेळेत हजर असणारा माणूसही या निकषांत बसू शकतो. घरातल्यांच्या लेखी मात्र तो ‘घेतो, पण कामाला चुकत नाही’ असा असतो, आणि म्हणून उपचारापर्यंत फार उशिरा पोहोचतो.

सातारा-सांगलीत दारूविरोधाची परंपरा उपचारांपेक्षा जुनी आहे. सांगलीचा आजचा बराच भाग सातारा जिल्ह्यात होता, तेव्हा १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या पत्री सरकारने गावोगाव न्यायदान आणि गांधी-विवाह यांच्याबरोबरीने दारूबंदीही राबवली. वारकरी संप्रदायाचा प्रभाव इथे मोठा. दारू सोडायची तर तुळशीची माळ घालायची, ही वाट अनेकांनी धरली. बंडातात्या कराडकर यांचा व्यसनमुक्त युवक संघ याच परंपरेतला. २००८ च्या शासकीय आदेशाने महिलांना मतदानातून दुकान बंद करण्याचा अधिकार मिळाला. चालू ठेवायचे तर उभी बाटली, बंद करायचे तर आडवी. अट कडक होती : झालेल्या मतांपैकी नव्हे, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागत. जावळी तालुक्यातील महिलांनी ही अट पार करून परवानाधारक दुकाने बंद पाडली.

याच दोन जिल्ह्यांचे अर्थकारण मात्र दारूशी घट्ट बांधलेले आहे. कृष्णाकाठचा ऊस कारखान्यात जातो, साखरेबरोबर मळी निघते आणि मळीतून मद्यार्क. द्राक्षपट्ट्यात, पलूसला, शासनाने वाइन पार्क उभारले. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने किराणा सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा समर्थनार्थ द्राक्ष बागायतदारांचे हित सांगितले गेले आणि विरोधात वारकरी साताऱ्यात रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात रुग्ण क्वचितच आला. दुकान बंद करणे आणि रुग्ण बरा करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या भागातील चळवळींच्या पुरेसे ध्यानात आलेले दिसत नाही.

तंबाखूला तर व्यसनात धरतच नाहीत. पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिलेला मावा, कामावरच्या माणसांची चुना लावून मळलेली चिमूट आणि बायकांची मिश्री. मिश्रीला दात घासण्याचे निमित्त असल्यामुळे सासू-सुनेला ती एकमेकींसमोर लावता येते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत असल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १७ टक्के. तोंड कमी उघडणे, तिखट न सोसणे आणि गालात पांढरा चट्टा ही तोंडाच्या कर्करोगाआधीची लक्षणे ठरू शकतात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

दारूने यकृत, स्वादुपिंड आणि नसा बिघडतात हे सर्वांना ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते हे, की रोज भरपूर पिणाऱ्याने ती एका दिवसात तोडणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. या अवस्थेला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेले, तर मोलाचे तास वाया जातात. रुग्णालयात झोपेच्या गटातली औषधे मोजून देत आणि थायमिन हे जीवनसत्त्व टोचून हा काळ बहुधा सुखरूप पार होतो. म्हणून माळ घालण्याआधी, शपथ घेण्याआधी डॉक्टर गाठावा. चहातून गुपचूप द्यायच्या ‘दारू सोडवणाऱ्या’ पुडीचा प्रकारही तसाच घातक. डायसल्फिराम या औषधावर दारू प्यायल्यास रक्तदाब घसरून प्राण जाऊ शकतो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

शरीरातून दारू उतरली की खरा उपचार सुरू होतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने महाराष्ट्राला निवासी उपचार, गटचर्चा आणि नियमित पाठपुरावा यांचा नमुना दिला. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी परिवर्तन ही संस्था स्थापन केली. अंधश्रद्धा निर्मूलनामुळे देशभर ओळखले गेलेले दाभोलकर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर होते, आणि भूतबाधा व व्यसन या दोहोंकडे त्यांनी मनाच्या आरोग्याच्या बाजूने पाहिले. २०१३ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर यांनी हे काम पुढे चालवले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते ३१ डिसेंबरला ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत दूध वाटतात.

घसरण हा आजाराचाच भाग आहे. बरेच जण सुटलेली दारू पुन्हा धरतात. बहुतेकदा जत्रेत, लग्नाच्या वरातीत किंवा उसाचे बिल हाती आल्यावर. त्यासाठी नाल्ट्रेक्सोनसारखी ओढ कमी करणारी औषधे आहेत आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभाही. पत्नीसाठी वेगळा गट असतो, कारण नवऱ्याच्या पिण्याचा दोष वर्षानुवर्षे तिने स्वतःकडे घेतलेला असतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाले होते.

मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या बोलीतले एमडी, हे या भागातील नवे संकट. २०२४ च्या फेब्रुवारीत कुपवाडला शंभर किलोहून अधिक साठा पकडला गेला, पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे कारखाना सापडला आणि २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक. एमडी सोडवणारे नेमके औषध आज नाही. झोप, आहार आणि समुपदेशन यांवरच भर द्यावा लागतो, आणि संशय व भास वाढल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे नेणे निकडीचे असते.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४अ नुसार थोड्या मात्रेचे किंवा सेवनाचे प्रकरण असलेला व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत, त्यामुळे केंद्रात रुग्णाला साखळीने बांधणे गुन्हा ठरते. दाखल करण्याआधी केंद्राची नोंदणी आणि तिथला मनोविकारतज्ज्ञ कोण, हे विचारावे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा शासकीय क्रमांक निःशुल्क आहे. घरच्यांनीही फोन करावा, रुग्ण तयार होईपर्यंत थांबू नये.