सनडाउनर : चिखलातली एक होडी

एका लाकडी लाँचच्या मोडीच्या कागदावर माझी सही आहे. १९८३ सालचा पावसाळा नुकताच संपला होता. करंजाच्या खाडीत भरतीच्या रेषेवर ती लाँच कुशीवर कलंडून पडली होती. मालकाला ती दुरुस्त करून पुन्हा पाण्यात घालायची होती, आणि ती त्या लायकीची आहे की नाही हे ठरवायला मला, म्हणजे बोटींचा सर्व्हेअर म्हणून पोट भरणाऱ्या माणसाला, बोलावले होते. मी खिशातून टोचा काढला आणि पाण्याखाली राहणाऱ्या फळ्यांत खुपसून पाहिला. ओल्या वडीत जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. चार ठिकाणी पाहिले, चारही ठिकाणी तेच. बाजूला उभे असलेले म्हातारे मेस्त्री म्हणाले, "सायेब, फळी काय, बदलायलाच असते. पठाण बघा आधी." पठाण म्हणजे होडीच्या पाठीचा कणा; सगळ्या वांकांची, म्हणजे फासळ्यांची, मुळे त्याच्यात असतात. पण पठाण पाहायचा तर गुडघाभर चिखल उपसायला हवा होता आणि माझी परतीची लाँच साडेचारची होती. मी 'दुरुस्तीयोग्य नाही' असे लिहून मोकळा झालो.

हा प्रसंग मी जवळजवळ विसरलो होतो. २०१७ साली 'डंकर्क' हा चित्रपट पाहिला तेव्हा तो पुन्हा वर आला. त्यातला डॉसन नावाचा वयस्क गृहस्थ आपली लाकडी मोटरबोट घेऊन सैनिकांना आणायला निघतो. त्या पात्रामागे चार्ल्स हर्बर्ट लायटोलर हा खराखुरा माणूस आणि 'सनडाउनर' ही खरीखुरी होडी आहे, असे सांगितले जाते. लायटोलरचे नाव मला आधीपासून ठाऊक होते. तो टायटॅनिकवरचा सेकंड ऑफिसर, वाचलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरचा. १९३५ साली निघालेले त्याचे आत्मचरित्र आणि पॅट्रिक स्टेन्सनने १९८४ मध्ये लिहिलेले त्याचे चरित्र मिळवून वाचले. डंकर्कच्या त्या एका दिवसाबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मला रस होता तो त्याच्या अकरा वर्षे आधीच्या एका खरेदीत.

ती खरेदी १९२९ सालची. इंग्लंडच्या आग्नेयेला केंट परगण्यात कॉनयर नावाची एक खाडी आहे. ओहोटीला पाणी निघून गेले की तिथे नुसता काळा चिखल उरतो. त्या चिखलात आरमाराने टाकून दिलेली एक स्टीम पिनेस पडली होती. पिनेस म्हणजे मोठ्या युद्धनौकेबरोबर असणारी, अधिकारी आणि खलाशी यांना किनाऱ्यावर नेणारी-आणणारी होडी. ही १९१२ साली बांधलेली, पन्नास फुटांहून थोडी लांब, बारा-साडेबारा फूट रुंद. लायटोलरने तिचे सांगाडारूपी धूड विकत घेतले.

तो तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता आणि त्याला स्वतःलाही एका अर्थाने काठावर टाकून दिलेले होते. तेराव्या वर्षी समुद्रावर गेलेला हा लँकेशायरचा पोरगा. पहिल्या महायुद्धात आरमारात विनाशिकांचे नेतृत्व करून त्याने पदके मिळवली. पण ज्या कंपनीसाठी टायटॅनिकच्या चौकशीत त्याने इतकी बाजू लढवली, तिने त्याला कधीही स्वतंत्र जहाज दिले नाही. टायटॅनिकवरच्या इतर वाचलेल्या अधिकाऱ्यांचेही तेच झाले. त्याने राजीनामा दिला आणि कोंबड्या पाळण्यापासून पाहुण्यांना खोल्या भाड्याने देण्यापर्यंत नाना उद्योग केले. (हा माणूस केवळ सोज्वळ होता असे मात्र समजू नये. १९१८ मध्ये त्याच्या विनाशिकेने यूबी-११० ही जर्मन पाणबुडी बुडवली, तेव्हा पाण्यात पडलेल्या खलाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या असा आरोप त्या पाणबुडीच्या कप्तानाने पुढे लिहून ठेवला आहे. लायटोलरचे भक्त हे पान उलटून पुढे जातात.)

चिखलातली जुनी होडी कोण विकत घेतो? बहुधा पैसे कमी असणारा. पण त्या काळच्या आरमारी पिनेस ज्या पद्धतीने बांधल्या जात, ती पद्धत ज्याला ठाऊक असेल तोही घेईल. त्यांच्या अंगाला तिरप्या फळ्यांचे दोन थर असत, एकाचा कल उजवीकडे तर दुसऱ्याचा डावीकडे, आणि लाकूड पुष्कळदा सागाचे. ब्रिटिश आरमाराच्या या सागाच्या आवडीला मुंबईचाही हातभार आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात सोडली. ती आजही हार्टलपूलला तरंगते आहे. साग कुजायला वेळ लावतो, आणि त्याच्या तेलामुळे लोखंडी खिळेही ओकच्या लाकडात गंजतात तितके लवकर गंजत नाहीत. ओहोटीच्या चिखलाचाही एक गुण आहे: हवा लागत नाही म्हणून चिखलात गाडलेले लाकूड उघड्यावरच्या लाकडापेक्षा जास्त टिकते. करंजाला मी जो चिखल उपसायचा कंटाळा केला, त्याच्याच खाली उत्तर होते.

लायटोलरने होडीचे काम तिथेच, कॉनयरला करवून घेतले. बॉयलर आणि वाफेचे इंजिन काढल्यावर मोकळ्या झालेल्या पोटात केबिनी आल्या. साठ अश्वशक्तीचे, पेट्रोलवर सुरू होऊन पॅराफिनवर चालणारे पार्सन्स इंजिन बसवले. १९३० च्या जूनमध्ये होडी पुन्हा पाण्यात गेली. नाव त्याची बायको सिल्व्हिया हिने दिले. ती ऑस्ट्रेलियाची. तिकडे 'सनडाउनर' म्हणतात भटक्या माणसाला, त्यातही नेमका दिवेलागणीला मळ्यावर हजर होणारा. कामाची वेळ टळलेली असते आणि जेवणाची यायची असते. लायटोलर पतिपत्नी आणि मुले या होडीतून खाडी ओलांडून फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडकडे भटकत राहिली. १९३६ मध्ये पार्सन्स काढून बहात्तर अश्वशक्तीचे ग्लेनिफर डिझेल इंजिन बसवले आणि होडीचा वेग दहा नॉटपर्यंत गेला.

इथे सर्व्हेअर म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. चरित्रकार त्यांवर थांबत नाहीत. पेट्रोलची वाफ होडीच्या तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. डिझेलचे तसे नाही. आणि दुसरी, त्याहून महत्त्वाची. पिनेसचा सांगाडा बॉयलर, कोळसा आणि पाणी यांचे टनांत मोजावे लागणारे ओझे पेलण्यासाठी आखलेला होता. ते ओझे गेले आणि त्याच्या जागी गाद्या, कपाटे आणि हलके इंजिन आले. म्हणजे त्या होडीच्या फासळ्यांत न वापरलेली ताकद शिल्लक राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला ती हौशी माणसाची मोटरबोट दिसे. आत काय आहे हे फक्त ती उलगडून पुन्हा जोडलेली पाहणाऱ्याला ठाऊक होते.

१९३९ च्या जुलैत आरमाराने त्याला एक विनंती केली. म्हातारे जोडपे सहलीला निघाल्याचे सोंग घेऊन लायटोलर आणि सिल्व्हिया यांनी जर्मन किनाऱ्याची पाहणी केली. दोन महिन्यांत युद्ध पेटले आणि पहिल्याच हल्ल्यांपैकी एकात, विल्हेल्म्सहाफेनवर गेलेल्या ब्लेनहाइम विमानातून, त्यांचा धाकटा मुलगा ब्रायन परत आला नाही.

३१ मे १९४० रोजी संध्याकाळी आरमाराचा फोन आला: होडी रॅम्सगेटला आणून द्या, पुढे आमचे खलाशी ती नेतील. त्या दिवसांत बहुतेक मालकांनी होड्या अशाच सोपवल्या. लायटोलर म्हणाला, न्यायची तर मीच नेईन. तो सहासष्ट वर्षांचा होता. बरोबर थोरला मुलगा रॉजर आणि जेराल्ड अॅशक्रॉफ्ट हा अठरा वर्षांचा सी-स्काउट. आतले जे काढता येईल ते काढून टाकले आणि १ जूनच्या सकाळी ते रॅम्सगेटहून निघाले.

वाटेत 'वेस्टर्ली' ही मोटरबोट बंद पडून पेट घेतलेली आढळली. तिच्यावरच्या माणसांना त्यांनी उचलून घेतले. डंकर्कला धक्का इतका उंच होता की होडीत थेट उतरणे शक्य नव्हते, म्हणून 'वूस्टर' या विनाशिकेच्या अंगाला लावून सैनिक भरायला सुरुवात झाली. या होडीत त्याआधी एकवीसपेक्षा जास्त माणसे कधी बसली नव्हती. रॉजर खाली उभा राहून माणसांना आडवे-उभे रचत होता. पन्नास झाले तेव्हा बापाने वरून विचारले, काय परिस्थिती? अजून भरपूर जागा आहे, असे उत्तर आले. पंचाहत्तरला रॉजरने आता दाटी होते आहे असे कबूल केले. मग डेकवर भरणे सुरू झाले. लायटोलरने स्वतः दिलेला एकूण आकडा १३० आहे. सरासरी सत्तर किलो धरले तरी नऊ टनांहून जास्त.

या आकड्याशी मी बराच वेळ थांबलो, कारण १९१२ साली, म्हणजे ही पिनेस बांधली गेली त्याच वर्षी, याच माणसाने टायटॅनिकच्या डाव्या बाजूच्या होड्या पाण्यात सोडल्या होत्या. पासष्ट माणसांची क्षमता असलेल्या सहा क्रमांकाच्या होडीत तिसाहूनही कमी माणसे होती. चौकशीत त्याने कारण सांगितले: भरलेली होडी दोरांवर लटकत असताना ते ओझे पेलेल याची खात्री नव्हती. प्रत्यक्षात टायटॅनिकच्या जुळ्या 'ऑलिंपिक'वर तसल्या होडीत पासष्ट माणसांइतके वजन घालून चाचणी झाली होती. होडी तसूभरही वाकली नव्हती. ही गोष्ट होड्या सोडणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी सांगितली नव्हती. शंका आली की माणूस हात राखतो. त्या रात्री पुढे तो उलट्या झालेल्या घडीच्या होडीवर तीसेक माणसांबरोबर पहाटेपर्यंत उभा होता आणि लाट येईल तसे सर्वांना एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे झुकायला लावून तोल सांभाळत होता.

ज्याला पासष्टांच्या होडीत तीस माणसे घालायची छाती झाली नाही, त्याने एकवीसच्या होडीत एकशेतीस घातली. धाडस वाढले म्हणून असे झाले, हे मला पटत नाही. चरित्रे तसे सुचवतात खरी. एका होडीचा त्याला फक्त बाहेरचा रंग ठाऊक होता. दुसरीची प्रत्येक फासळी त्याने अकरा वर्षे हाताळली होती आणि बॉयलरचे ओझे कुठून निघून गेले आहे हेही त्याला माहीत होते. माणसे आधी खाली का रचली, याचे उत्तरही तेच आहे. वजन जितके तळाशी, तितकी होडी स्थिर.

परतताना विमाने आली. ब्रायनने कधीतरी घरच्या गप्पांत बापाला सांगितले होते की झडप घालणारे विमान कोणत्या क्षणी दिशा बदलू शकत नाही. त्या क्षणापर्यंत थांबायचे आणि मग एकदम सुकाणू फिरवायचे. एकही माणूस दगावला नाही याचे बरेचसे श्रेय बापाने नऊ महिन्यांपूर्वी गेलेल्या मुलाला दिले आहे.

डंकर्कचे गाणे गाताना एक हिशेब चुकतो, तोही इथे द्यायला हवा. २६ मे ते ४ जून या काळात ३,३८,२२६ माणसे सुटली. त्यांतली सुमारे २ लाख ३९ हजार बंदराच्या धक्क्यावरून, मुख्यतः विनाशिका आणि मोठ्या बोटींतून गेली; वाळूवरून सुमारे ९९ हजार. लहान होड्यांचे काम बहुतांशी किनाऱ्यापासून मोठ्या बोटींपर्यंत माणसे पोचवण्याचे होते. आणि त्या वाळूवर आपल्याकडचीही माणसे होती. १९३९ च्या डिसेंबरात मुंबईहून के-सिक्स नावाची तुकडी खेचरे घेऊन फ्रान्सला गेली होती. मुख्यतः पंजाबातले मुसलमान जवान. त्यांतले काही डंकर्कमार्गे इंग्लंडला पोचले, तर एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली. चित्रपटात ते दिसत नाहीत.

युद्धाने लायटोलरचा रॉजरही घेतला. १९४५ च्या मार्चमध्ये फ्रेंच किनाऱ्यावरच्या ग्रॅनव्हिलवर जर्मनांनी छापा घातला, त्यात तो गेला. बाप त्यानंतर लंडनजवळ टेम्सच्या काठी होड्या बांधण्याचा लहानसा कारखाना चालवत राहिला आणि डिसेंबर १९५२ मध्ये, लंडनवर धुरकटीचे ते कुप्रसिद्ध सावट असताना वारला. सिल्व्हिया आणखी सतरा वर्षे जगली. होडी नंतर विकली गेली, हात बदलले, आणि शेवटी रॅम्सगेटच्या एका न्यासाने ती जतनासाठी घेतली. लाकडी होडी जतन करायची म्हणजे सतत काही ना काही बदलत राहायचे. आज तिच्यातली १९१२ ची फळी कोणती, असे विचारण्यात अर्थ नाही. तीच होडी आहे असे म्हणायला कणा आणि आकार पुरतो, निदान मेस्त्री लोक तरी तसेच मानतात.

करंजाची ती लाँच महिन्याभरात फोडली गेली. चिखल उपसल्यावर पठाण निघाला तो अखंड सागाचा, वाजवला तर घंटेसारखा. मेस्त्रींनी तो जळाऊ लाकडाच्या भावात उचलला आणि दोन वर्षांनी एका नव्या मचव्याला बसवला. त्या मचव्याच्या सर्व्हेचे काम पुढे तीन वेळा माझ्याकडेच आले. तिन्ही वेळा मेस्त्री धक्क्यावर हजर होते. चहा पाजला, पठाणाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.