एरर २०० आणि 'क'ची उभी रेघ

जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर सुरू होईना की पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा शेवटचा हात लावणाऱ्या माणसावर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं त्या काळचं यंत्र गृहीत धरलेलं असतं, आणि ते यंत्रच आता उरलेलं नसतं.

आमच्या बारामती-इंदापूर भागात नव्वदच्या दशकात पतसंस्था, दूध संस्थांचे हिशोब वहीतून संगणकावर येऊ लागले. प्रोग्रॅम बहुधा ओळखीच्या एखाद्या मुलानं टर्बो पास्कल नाहीतर फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला. मुलगा पुढे पुण्याला, नाहीतर थेट अमेरिकेला. प्रोग्रॅम मात्र इथंच, तोही मूळ कोडशिवाय!

इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका दूध संस्थेच्या संगणकाचा मदरबोर्ड २००३ साली विजेच्या झटक्यानं गेला. हार्ड डिस्क वाचली, ती नव्या संगणकात बसवली. सचिवांचा फोन आला, "सर, डबा नवा आणला आन् हिशोबच बंद पडला की!" दिवाळी तोंडावर. कुणी वर्षात किती लिटर दूध घातलं त्यावर फरकाची रक्कम ठरते, आणि ते लिटर सगळे प्रोग्रॅमच्या पोटात. त्या फायली दुसऱ्या कशात उघडायची सोयही नाही, कारण पास्कलच्या फायलीत कुठला आकडा कशाचा हे फक्त त्या प्रोग्रॅमलाच ठाऊक. आणि तो 'रनटाइम एरर २००' एवढं म्हणून पहिल्या पडद्याआधीच गप्प.

एरर २०० म्हणजे शून्यानं भागाकार. गंमत अशी, की शून्याचा इथं पत्ताच नाही. टर्बो पास्कलचा एक भाग सुरू होतानाच संगणकाचा वेग मोजून घेई: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजायचं आणि त्याला ५५नं भागायचं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५च्या आत मावायला हवं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर ते मावेना. न मावणारं उत्तर आणि शून्यानं भागाकार, दोन्हींसाठी प्रोसेसर एकच खूण करतो. थोडक्यात, संगणक फार वेगवान आहे म्हणून हिशोब बंद!

यावरचा उपाय तोवर महाजालावर होता. प्रोग्रॅममधले मोजके बाइट बदलायचे. लोडशेडिंग आणि डायल-अप यांच्या कृपेनं तो उतरवून घ्यायलाच जास्त वेळ लागला. (आज ही युक्तीही पुरत नाही. ६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्रॅम चालवतच नाही. त्यासाठी डॉसबॉक्ससारखं नकली जुनं यंत्र उभं करावं लागतं.)

प्रोग्रॅम सुरू झाला. लिटर दिसले, पण सभासदांच्या नावांच्या जागी उभ्या-आडव्या रेघा आणि ग्रीक अक्षरं. त्याचं कारण जुन्या डब्यात होतं: जिस्ट कार्ड. हे तंत्र मुळात आयआयटी कानपूरचं, पुढे १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं. कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. नव्या मदरबोर्डवर त्याची खाचच नव्हती. कार्ड धडधाकट, पण बसवायचं कुठं?

सुदैवानं नावं इस्की संकेतात होती. त्यात 'क'चा क्रमांक १७९, आणि कार्ड नसलेल्या डॉसमध्ये १७९ म्हणजे उभी रेघ. म्हणजे नावं पुसली गेलेली नव्हती, फक्त ओळखू येत नव्हती. शिवाय युनिकोडनं देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच घेतलेला. नाहीतर खास फाँटांत लिहिलेला मराठी मजकूर आठवा. तिथं प्रत्येक फाँटचा संकेत वेगळा.

दिवाळीआधी सभासद क्रमांकांवरून लिटर काढले, वहीशी ताडून पाहिले आणि फरक वाटला गेला. नावांचं काम नंतर सवडीनं झालं. प्रत्येक क्रमांकासमोर त्याचं युनिकोडमधलं अक्षर मांडणारी छोटी आज्ञावली लिहिली, आणि यादी छापून सचिवांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्यात आधी स्वतःचं नाव शोधलं.