पलटणींच्या हातून सुटलेला करंडक

हुबळीहून धारवाडास जाताना वाटेत अमरगोळ लागते. तेथे चेंडूमागे धावणारी पोरे पाहिली, की मला इंग्लंडातील फुटबॉल लीगचा १८८८-८९ चा पहिला हंगाम आठवतो. गिरण्यांच्या प्रेस्टन गावाचा संघ त्यात २२ सामने अपराजित राहिला आणि हा खेळ केवळ उमरावांचा नव्हे, हे सिद्ध झाले.

आमच्याकडे तो गोऱ्या पलटणींच्या हाती होता. मुंबईचा रोव्हर्स करंडक १८९१ साली वूस्टरशायर पलटणीने प्रथम जिंकला. पुढे १९३६ पर्यंत तो पलटणींनीच नेला. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यात पोहोचले, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढे हरले.

१९३७ साली मात्र अंतिम सामन्यात पलटण नव्हतीच! कलकत्त्याची लीग १९३४ पासून दरवर्षी जिंकणाऱ्या महमेडन स्पोर्टिंगला बंगलोर मुस्लिम्सने एका गोलाने नमविले. १९३८ सालीही करंडक त्यांच्याकडेच राहिला.

त्या काळी अमरगोळ मुंबई इलाख्यात होते, बंगलोर इलाख्याबाहेर. तरी इथल्या कानडी-मराठी घरांनी तो विजय परका मानला असेल, असे मला वाटत नाही.