नऊ सिलिंडरांचा बृहस्पती

खंडेनवमीस बेळगुंदीसारख्या आमच्या गावांतून नांगर, कोयता, विळा ही अवजारे धुऊन-पुसून त्यांस हळदकुंकू वाहिले जाते. ज्यावर पोट चालते त्याविषयीची ही कृतज्ञता होय. बेळगुंदी बेळगावच्या पश्चिमेस. शहराच्या पूर्वेस सांबरे येथे ब्रिटिश हवाई दलाने १९४२ मध्ये विमानतळ उभारला, आणि पुढे तेथे भारतीय वायुसेनेच्या जवानांचे शिक्षण होऊ लागले. या सेनेचे आद्य यंत्र कोणते, याचे स्मरण म्हणूनच आम्हांस अगत्याचे वाटते.

ते यंत्र म्हणजे ब्रिस्टल ‘ज्युपिटर’. आपल्या भाषेत बृहस्पती. रॉय फेडन यांनी १९१८ मध्ये ते सिद्ध केले. त्यांची कॉसमॉस कंपनी बुडाल्यावर १९२० मध्ये ब्रिस्टल कंपनीने ते हाती घेतले. मधल्या दांड्याभोवती, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, त्याचे नऊ सिलिंडर बसविलेले असत. त्यापूर्वीच्या कित्येक विमानांत सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत. येथे ते स्थिर राहून दांडा तेवढा फिरे. एक सोडून एक अशा क्रमाने सिलिंडर पेटत आणि दांड्याच्या दोन फेऱ्यांत नऊंची पाळी पुरी होई. संख्या विषम, म्हणूनच हा क्रम अडखळत नसे. यंत्र निवविण्यास पाणी लागत नसे. सिलिंडरांवरील धातूच्या पातळ पट्ट्यांमधून वाहणारा वाराच उष्णता हरण करी. पाण्याचा भार गेला, गळतीचे भय गेले. उष्ण देशात हे केवढे वरदान!

८ ऑक्टोबर १९३२ रोजी वायुसेना स्थापन झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस तिचे पहिले पथक उभे राहिले, ते चार ‘वापिटी’ विमाने व पाच भारतीय वैमानिक यांनिशी. त्या विमानांच्या तोंडाशी ज्युपिटरच होते. दोनच दिवसांनी त्याच घराण्यातील ‘पेगॅसस’ यंत्राच्या बळावर दोन ब्रिटिश विमानांनी पूर्णियाहून निघून एव्हरेस्ट ओलांडले.

जगाने वैमानिकांचे कौतुक केले, ते योग्यच. परंतु यंत्र उघडणारे, पुसणारे, पुन्हा जुळविणारे हात ‘हवाई सिपाह्यां’चे होते. त्यांतील हरजिंदर सिंग अभियांत्रिकीचे पदवीधर असूनही याच पायरीवर भरती झाले आणि पुढे एअर व्हाइस मार्शल पदास पोहोचले. १९३७ मध्ये वझिरिस्तानच्या उजाड डोंगरांत वापिटी उडत, तेव्हा वैमानिकाचा जीव या कारागिरांच्या दक्षतेवरच अवलंबून असे.

एक वापिटी दिल्लीस पालमच्या वायुसेना संग्रहालयात जपून ठेवले आहे. खंडेनवमीस अवजारांवर फूल वाहताना त्यामागील हातांचेही स्मरण आम्ही करावे, एवढेच मागणे.