भोल्याचं वादळ, खुलन्याचं मीठ

हवामानबदलाचा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा २०५० किंवा २१०० सालाकडे जातं. मला मात्र हा विषय मागे वळून पाहिल्यावरच नीट समजतो. पुढे काय होईल ते शास्त्रज्ञ सांगतीलच. पण उष्ण प्रदेशातली गरीब माणसं अशा संकटाशी कशी जुळवून घेतात, आणि ते कुठे अपुरं पडतं, हे इतिहासात बरंचसं घडून गेलेलं आहे. त्यासाठी बांगलादेशाच्या किनाऱ्याइतका चांगला धडा मला दुसरा सापडलेला नाही.

१२ नोव्हेंबर १९७०. तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता. रात्री, ऐन भरतीच्या वेळी, चक्रीवादळ मेघना नदीच्या मुखाशी असलेल्या भोला बेटावर आदळलं आणि समुद्र जमिनीवर चढला. तीन ते पाच लाख माणसं गेली. तजुमुद्दीन नावाच्या एकाच भागात १ लाख ६७ हजार वस्तीपैकी ४५ टक्क्यांहून जास्त लोक संपले.

असे आकडे वाचून मन बधिर होतं, म्हणून मी वेगळ्याच एका आकड्यापाशी थांबतो. वादळानंतरच्या अभ्यासात असा अंदाज निघाला, की वादळ येतंय हे सुमारे ९० टक्के लोकांना ठाऊक होतं. पक्क्या इमारतीत आसरा घेतला तो जेमतेम एक टक्का लोकांनी. म्हणजे बातमी पोचली होती! पण तिचं करायचं काय? चहूकडे सपाट जमीन, जायचं कुठे? आणि दावणीची गाय सोडून जायचं कसं?

मदतीतल्या दिरंगाईने बंगाली जनता संतापली. पुढच्याच महिन्यात निवडणुका झाल्या आणि अवामी लीगने पूर्वेकडच्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. वादळामुळे देश फुटला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, भाषेची आणि अन्यायाची जखम फार जुनी होती. पण सरकारला आपली किंमत किती, ते लोकांना त्या महिन्यात कळलं.

नव्या देशाने १९७२ पासून जे उभं केलं ते साधंच होतं. गावोगावी स्वयंसेवक, हातात भोंगा, बांबूवर झेंडे: धोका वाढेल तसे एक, दोन, तीन. गुरांसाठी मातीचे उंच टेकाड बांधले गेले, त्यांना 'मुजीब किल्ला' म्हणत. हे किल्ले मला फार आवडतात, कारण माणूस घर का सोडत नाही हे बांधणाऱ्याने ओळखलं होतं.

तरी १९९१ च्या एप्रिलमधल्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक गेले. त्यात २० ते ४४ वयाच्या बायका दर हजारी ७१, तर त्याच वयाचे पुरुष १५. घरच्यांच्या परवानगीची वाट, कडेवर मूल, पाण्यात पायांना गुंडाळलेली साडी, आसऱ्याच्या इमारतीत आडोसा नाही. वारा सगळ्यांवर सारखाच होता, पण पळून जाण्याची मोकळीक सारखी नव्हती. यातूनही ते शिकले. खांबांवर उभ्या शाळा वाढल्या, एरवी वर्ग भरतात आणि वादळात तोच आसरा. आज सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ च्या सिडर वादळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. २०२० च्या अम्फानच्या वेळी सुमारे २४ लाख लोकांना हलवलं, आणि बांगलादेशातले मृत्यू तीसच्या आत राहिले.

इथेच थांबलं तर गोष्ट गोड होते. पण सगळीच संकटं भोंगा वाजवून कळवता येत नाहीत.

१९६० च्या दशकात किनाऱ्यावर मातीचे बांध घालून शेतं समुद्रापासून तोडली गेली. सुरुवातीला भात भरघोस आलं. मग पुराबरोबर येणारा गाळ शेतात पडेनासा झाला. आतली जमीन खचत गेली, बाहेर नदीचं पात्र गाळाने उचललं गेलं. काही ठिकाणी आतली जमीन भरतीच्या पातळीपेक्षा एक ते दीड मीटर खाली गेली. २००९ साली आयला वादळात खुलन्याकडचे बांध फुटले, आणि काही भागांत जवळजवळ दोन वर्षं भरतीचं पाणी आत-बाहेर करत राहिलं. त्यात भर कोळंबीच्या तळ्यांसाठी मुद्दाम आत घेतलेल्या खाऱ्या पाण्याची. १९७३ मध्ये देशात ८ लाख ३३ हजार हेक्टर जमीन खारवलेली होती, २००९ पर्यंत ती १० लाख ५६ हजार झाली. आता समुद्राची पातळीही वाढते आहे.

यावर एक तोड गावकऱ्यांनीच काढली. १९९० मध्ये बिल डाकातिया या पाणथळ भागात लोकांनी स्वतः बांध फोडला. १९९७ मध्ये बिल भायनाला तेच झालं. भरतीबरोबर गाळ आत आला, जमीन उंचावली, नदीही मोकळी झाली. जो प्रकार आधी बेकायदा होता, तो पुढे सरकारी योजनेत गेला. अर्थात तोवर काही वर्षं शेत पाण्याखाली राहतं, आणि त्या काळात कुळाने खायचं काय, याचं उत्तर अजून नीट मिळालेलं नाही.

आपल्याकडे कोकणातल्या खार जमिनी आणि गोव्यातली खाजनं अशाच बांधांच्या भरवशावर आहेत, म्हणून हे सगळं मला लांबचं वाटत नाही.

जगाच्या धुरात ज्या देशाचा वाटा एक टक्काही नाही, त्याने पन्नास वर्षांत आपली माणसं वाऱ्यापासून वाचवायला शिकून घेतलं. मेलेल्यांचा आकडा खाली आला की बाकीचं जग निश्चिंत होतं, याचीच मला धास्ती वाटते. कारण वादळातून वाचलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी गोडं पाणी आणायला किती लांब चालावं लागलं, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही.